पेन्शनीनंतरचा वर्ग

सरकारी दप्तरात शिक्षकाची निवृत्ती ही केवळ एक तारीख असते. त्या दिवशी पगारपत्रकातून नाव कमी होते, पेन्शनीचा हुकूम निघतो, आणि निरोपसमारंभातले वक्ते गुरुजींच्या विद्वत्तेची स्तुती अशा आवेशाने करतात की, ती विद्वत्ता ज्या मुलांपुढे खर्ची पडली त्यांचे कोणास स्मरणही राहू नये. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८९३ साली डेक्कन कॉलेजातून निवृत्त झाले, तेव्हा दख्खनच्या प्राचीन इतिहासाचे संशोधक आणि सरकारच्या वतीने हस्तलिखिते धुंडाळणारे पंडित म्हणून त्यांची कीर्ती युरोपपर्यंत गेली होती, आणि त्याच वर्षी ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

परंतु मला विचाराल तर, त्यांचा खरा वारसा या वैभवाच्या कितीतरी आधी, ऐन तारुण्यात, त्यांनी शाळेतल्या विद्यार्थ्यांसाठी रचलेल्या संस्कृतच्या दोन क्रमिक पुस्तकांत आहे. तोवर संस्कृत शिकावयाचे म्हणजे आधी रूपावली, मग अमरकोश, त्यानंतर कौमुदीची सूत्रे मुखोद्गत करावयाची. अर्थाची गाठ पडावयाची ती पुष्कळ वर्षांनी, आणि तीही प्रायः ज्याच्या कुळात पाठशाळेची परंपरा होती त्याचीच. भांडारकरांनी नियम थोडा थोडा सांगून लगोलग त्याची वाक्ये पुढे ठेवली, संस्कृतातून इंग्रजीत आणि इंग्रजीतून पुन्हा संस्कृतात भाषांतर करावयास लावले. पाठांतर त्यांनी हद्दपार केले नाही, त्यास कामास मात्र लावले. इंग्रजी न जाणणाऱ्यास या पुस्तकांचा उपयोग नव्हता, हा आक्षेप खराच आहे, आणि तो लहानही नाही. तरीही ज्याच्या घरी शास्त्री नव्हता, त्यालाही या भाषेत आपल्या पायांनी शिरता यावे, हा त्या रचनेचा परिणाम झाला. आणि हेच भांडारकर हुजूरपागा या मुलींच्या शाळेच्या संस्थापकांत होते, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या वाढदिवशी, पुण्यात त्यांच्या नावाचे प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम तेथे १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये तडीस गेले. संशोधकाचे निष्कर्ष पुढचा संशोधक दुरुस्त करतो, आणि भांडारकरांचेही काही निष्कर्ष तसे दुरुस्त झाले. परंतु त्या दोन क्रमिक पुस्तकांतल्या पहिल्याची, ‘मार्गोपदेशिके’ची, पुनर्मुद्रणे होत राहिली, आणि ज्यांना भांडारकरांचे दर्शन कधी घडले नाही अशी मुले त्यांनी घालून दिलेले धडे गिरवीत राहिली.