लहान अक्षरांतील विश्वासूपण

शास्त्रवाचन : अनुवाद ६:४-९; मत्तय १२:१५-२१; लूक १६:१०



नव्या शालेय वर्षाची पुस्तके घरात येऊ लागली की अनेक ख्रिस्ती आईवडिलांच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. बायबलचे धडे ख्रिस्ती पुस्तकातून शिकवावेत हे उघडच आहे. परंतु स्पेलिंगसारखा विषयही ख्रिस्ती अभ्यासक्रमातूनच शिकवावा काय? आणि शिकवावयाचा तर पुस्तक कोणत्या कसोटीवर निवडावे? शब्दात कोणते अक्षर कोठे येते, यात धर्माचा काय संबंध, असेही कोणी विचारील.

पवित्र शास्त्र मात्र अक्षरांविषयी उदासीन नाही. देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवा असे अनुवादाच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे, आणि त्याच ठिकाणी त्या दारांच्या बाह्यांवर लिहिण्याचीही आज्ञा आहे. जेथे लिहावयाचे तेथे लिहावयास शिकणे ओघानेच आले. एकशे एकोणिसावे स्तोत्र तर इब्री वर्णमालेच्या क्रमानेच रचले आहे : बावीस अक्षरे, प्रत्येक अक्षराची आठ वचने, एकूण १७६. विलापगीतातील पहिल्या अध्यायाच्या बावीस वचनांचा क्रमही तोच. भक्ताचा आनंद आणि यरुशलेमेचा शोक, दोन्ही मुळाक्षरांच्या वाटेने देवापुढे गेले. जी अक्षरे देवाच्या वचनाची वाहने झाली, ती मुलांना शिकविणे हे क्षुल्लक काम कसे म्हणावे?

अक्षरे आणि वचन एकत्र शिकविण्याची कल्पना नवी नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस बॉस्टन येथे निघालेल्या 'न्यू इंग्लंड प्रायमर' या पुस्तकातून अमेरिकेतील मुलांच्या अनेक पिढ्या मुळाक्षरे आणि प्रश्नोत्तरी एकाच वेळी शिकल्या. १७८३ साली नोआ वेबस्टर यांचे स्पेलिंगचे पुस्तक आले व घरोघर गेले. अलीकडच्या काळात टेक्सासमध्ये १९७० साली सुरू झालेली 'ॲक्सिलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन' ही संस्था आणि फ्लोरिडातील 'अबेका' ही प्रकाशनसंस्था यांनी ख्रिस्ती शाळांसाठी संपूर्ण अभ्यासक्रम तयार केले. त्यांत स्पेलिंगही आहे. अशी पुस्तके भारतातील काही शाळांपर्यंत आणि घरीच शिकविणाऱ्या कुटुंबांपर्यंत पोहोचली आहेत. तेव्हा निवड करताना तीन गोष्टींचा विचार करू या.

१. पुस्तक आपल्या कामाशी प्रामाणिक आहे काय?

खोटा तराजू परमेश्वराला ओंगळ वाटतो, असे नीतिसूत्रे सांगतात. पानोपानी वचने छापलेली आहेत, परंतु मुलाला स्पेलिंग येत नाही, असे पुस्तक वजनात कमी भरते. चांगले पुस्तक समान ध्वनीचे शब्द एकत्र देते, नियम समजावते, अपवाद लपवीत नाही, काही दिवसांनी जुने शब्द पुन्हा विचारते आणि ते वाक्यात लिहावयास लावते. शब्दांच्या याद्या नुसत्या घोकून शुक्रवारी उतरविल्या आणि सोमवारी विसरल्या, तर तो अभ्यास नव्हे.

येथे एक व्यावहारिक बाबही पाहावी. तारणारा या अर्थाच्या 'सेव्हियर' शब्दात आणि शेजारी या अर्थाच्या 'नेबर' शब्दात भारतातील शाळा ब्रिटिश पद्धतीने 'ओ'नंतर 'यू' शिकवितात; अमेरिकन पुस्तकांत तो 'यू' नसतो. दोन्ही पद्धती आपापल्या देशात शुद्धच आहेत. परंतु हा भेद आधी समजावून सांगितला नाही, तर मूल शाळेत विनाकारण चुकीचे ठरते. लहानशा बाबतीतले विश्वासूपण ते हेच.

२. वचनाची छडी होत नाही ना?

शास्ते या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात एका शब्दाची भयंकर हकिकत आहे. यार्देनेच्या उतारावर गिलादी लोक पळून जाणाऱ्यांना 'शिब्बोलेथ' म्हणावयास सांगत. ज्याच्या तोंडून 'सिब्बोलेथ' निघे, तो एफ्राइमी म्हणून मारला जाई. त्या वेळी बेचाळीस हजार माणसे पडली. ज्याच्या जिभेला तो ध्वनी साधत नव्हता, त्याला तेथे दया नव्हती.

आपल्या घरात व शाळेत असा उतार तर नाही ना? स्पेलिंग चुकले म्हणून तेच वचन पन्नास वेळा लिहून आण, अशी शिक्षा जेव्हा दिली जाते, तेव्हा देवाचे वचन त्या मुलासाठी छडी होते. मोठेपणी बायबल उघडताना त्याच्या बोटांना तीच वेदना आठवली, तर दोष कोणाचा? काही मुलांना बुद्धी असूनही अक्षरांचा क्रम साधत नाही. याला डिसलेक्सिया म्हणतात. तो आळस नव्हे, पाप नव्हे, आईवडिलांच्या प्रार्थनेतील उणीवही नव्हे. आपल्या देशाच्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातही अशा अध्ययन-अक्षमतेची नोंद आहे. कायद्याने जे ओळखले ते मंडळीने ओळखू नये काय? चेपलेला बोरू न मोडणाऱ्या प्रभूचे आपण शिष्य आहोत. ज्या पुस्तकात मुलाला सावकाश जाण्यास, पुन्हा करण्यास आणि थोड्या शब्दांवर थांबण्यास जागा आहे, ते पुस्तक निवडा. आणि चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ ओढण्याआधी बरोबर आलेली अक्षरे त्याला मोजून दाखवा.

३. मातृभाषेची अक्षरे विसरलो नाही ना?

इंदूर, बडोदा, हैदराबाद, दिल्ली अशा ठिकाणी राहणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांत मुले इंग्रजी अचूक लिहितात. परंतु आजीचे मराठी बायबल त्यांना वाचता येत नाही. मराठीतही एका वेलांटीने अर्थ पालटतो. 'दिन' म्हणजे दिवस, 'दीन' म्हणजे नम्र, गरीब. 'सुत' म्हणजे पुत्र आणि 'सूत' म्हणजे धागा. पंडिता रमाबाईंनी साध्या मराठीत बायबलचे भाषांतर केले, ते सामान्य स्त्रियांनाही समजावे म्हणून. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात तेथील स्त्रिया व मुलींनी त्याचे खिळे जुळविले. रमाबाई १९२२ साली प्रभूकडे गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली छापून पूर्ण झाले. ज्यांना कोणी अक्षरही शिकविले नसते, त्यांच्या हातांनी ते अक्षर अक्षर उभे राहिले. हा वारसा आपल्या मुलांच्या हाती देण्यास रोजची दहा मिनिटे आणि बायबलमधील दोन ओळींचे श्रुतलेखन पुरेसे आहे.

प्रिय आईवडिलांनो, तीमथ्याला बालपणापासून पवित्र शास्त्र माहीत होते. त्याच्या आजीचे व आईचे, लोईस व युनीके यांचे नाव प्रेषित पौल आदराने घेतो. त्यांनी कोणता अभ्यासक्रम वापरला ते सांगत नाही. त्यांच्या निष्कपट विश्वासाचा मात्र उल्लेख करतो. म्हणून पुस्तक पारखून घ्या, आणि त्याहून अधिक पारख आपल्या स्वराची करा. पुस्तक ख्रिस्ती असून शिकविणारा निर्दय असेल, तर मूल निर्दयपणाच शिकेल. पुस्तक साधे, शाळेने नेमून दिलेले असले, आणि त्याच्याजवळ बसणारी आई सत्याने व धीराने शिकवीत असली, तर त्या मेजाजवळ ख्रिस्ताची शाळा भरली आहे.

हे प्रभू, ज्या लहान बोटांत आम्ही पेन्सिल देतो, ती तुझीच आहेत. त्यांना शिकविताना आम्हांला सत्य दे, धीर दे, आणि अडखळणाऱ्या लेकराजवळ थांबण्याची कृपा दे. आमेन.