भिंतीवरील चित्र आणि भिंतीतील डाग



घरातील संगणक सुरू केला की प्रथम दृष्टीस पडते ते पडद्यावरील पार्श्वचित्र. आपली मुले त्यास ‘वॉलपेपर’ म्हणतात. ते बदलणे फार सोपे असते. पडद्याच्या मोकळ्या जागी माउसचे उजवे बटण दाबावे, आवडीचे चित्र निवडावे, की क्षणार्धात जुन्याच्या जागी नवे येते. कोणी हिमाच्छादित शिखरे लावतो, कोणी नातवंडांचे छायाचित्र, तर आपल्यापैकी पुष्कळ जण क्रूसाचे अथवा उत्तम मेंढपाळाचे चित्र. संगणक जणू नवा झाला असे वाटते. परंतु आतील एकही फाइल जागची हललेली नसते. या लहानशा कृतीविषयी आज आपणाशी बोलावयाचे आहे, कारण तिनेच काही महिन्यांपूर्वी माझ्या अंतःकरणाची स्थिती मला दाखवून दिली.

माझ्या संगणकाच्या पडद्यावर चार वर्षे एक फाइल पडून होती. तिचे नाव ‘दादांस पत्र’. आईच्या अखेरच्या आजारपणात कोणी किती खर्च केला आणि गावच्या घराची वाटणी करताना कोणी आपला शब्द मोडला, याचा तारीखवार हिशेब मी तीत मांडला होता. ते पत्र मी कधी पाठविले नाही आणि पुसूनही टाकले नाही. मधूनमधून ते उघडून एखादी ओळ वाढवीत असे. नाताळात मी पडद्यावर गव्हाणीचे चित्र लावी, उपवासकाळात काट्यांच्या मुकुटाचे, पुनरुत्थानदिनी रिकाम्या कबरेचे. सणांप्रमाणे चित्रे बदलत गेली. फाइल मात्र होती तेथेच राहिली.

एके संध्याकाळी मी मेंढपाळाचे नवे चित्र लावले व मोठ्या कौतुकाने नातीस दाखविले. ती क्षणभर पाहून म्हणाली, “आजोबा, छान आहे, पण ही तुमची फाइल बरोबर येशूच्या तोंडावर आलीय.” तिने सहज म्हटले. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

वाचकहो, संगणकाच्या पार्श्वचित्रांमध्ये बहुधा सर्वांत प्रसिद्ध झालेले चित्र आपणही पाहिले असेल. हिरवेगार टेकाड, त्यावर निळे आकाश आणि पांढरे ढग. मायक्रोसॉफ्ट कंपनीने 2001 साली विंडोज एक्सपी ही प्रणाली बाजारात आणली, तेव्हा हे चित्र तिच्याबरोबर घरोघरी पोहोचले. त्याचे नाव ‘ब्लिस’, म्हणजे परमानंद. अनेकांना ते संगणकावर तयार केलेले कृत्रिम चित्र वाटले; परंतु ते खरे छायाचित्र आहे. चार्ल्स ओरिअर या छायाचित्रकाराने ते जानेवारी 1996 मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या सोनोमा परगण्यात, रस्त्याच्या कडेस थांबून घेतले.

ते टेकाड इतके हिरवे आणि मोकळे का होते, हे मात्र चित्र सांगत नाही. तेथे पूर्वी द्राक्षमळा होता. फायलोक्सेरा नावाची अतिसूक्ष्म कीड त्या भागातील मळ्यांत शिरली होती. ही कीड वेलाच्या मुळांतील रस शोषते. पाने बरेच दिवस हिरवी दिसत राहतात आणि जमिनीखाली नाश चालू असतो. वरून औषध फवारून हे दुखणे जात नाही. वेल समूळ उपटावे लागतात आणि कीड सोसणाऱ्या खुंटावर कलम केलेले नवे वेल लावावे लागतात. त्या टेकाडावरील वेलही उपटले गेले होते, आणि मोकळ्या जमिनीवर पावसाने गवत वाढले होते. जगाने ज्यास परमानंद म्हटले ते दृश्य एका उपटून टाकलेल्या मळ्याचे होते. पुढे त्याच टेकाडावर पुन्हा द्राक्षवेल लावण्यात आले.

त्या मळेवाल्याने रोगट वेलांवर हिरवा रंग फासला नाही. त्याने मुळापर्यंत खणले. आपण आपल्या अंतःकरणाच्या मळ्यात काय करतो?

लेवीय पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात घराच्या भिंतीवर पडणाऱ्या हिरवट वा तांबूस चट्ट्यांविषयी नियम दिलेले आहेत. याजकाने चट्टा पाहावा आणि घर सात दिवस बंद ठेवावे. चट्टा पसरला असेल तर ते दगड काढून नगराबाहेर टाकावे, भिंती आतून खरडून काढाव्या, नवे दगड बसवावे आणि मग गिलावा करावा. हा क्रम ध्यानात घ्या. गिलावा सर्वांत शेवटी येतो. आपण मात्र गिलाव्यापासूनच आरंभ करतो. यहेज्केल संदेष्ट्याने आपल्या काळच्या खोट्या संदेष्ट्यांवर हाच दोष ठेवला होता की, लोक कच्ची भिंत बांधतात आणि हे तिच्यावर सफेदी देतात. पाऊस आला की ती कोसळेल.

म्हणून पवित्र चित्र लावूच नये काय? तसे नव्हे. देवाची वचने दाराच्या चौकटींवर लिहावी अशी आज्ञा अनुवादाच्या सहाव्या अध्यायात स्पष्ट आहे. परंतु त्या आज्ञेपूर्वी काही ओळी, ती वचने प्रथम हृदयात असावी असे सांगितले आहे. आधी हृदय, मग चौकट. पडद्यावरील मेंढपाळ आपला साक्षी व्हावा, आपला आडोसा होऊ नये.

प्रीती अपकारांचा हिशेब ठेवीत नाही, असे प्रेषित पौल करिंथकरांस शिकवितो. मी तर तो तारीखवार ठेवला होता! आणि आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही असल्यास अर्पण वेदीपाशीच ठेवून प्रथम त्याच्याशी समेट करावयास जावे, ही तर प्रत्यक्ष प्रभूची आज्ञा. मी ती कित्येक उपदेशांत इतरांना सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती फाइल पुसली. परंतु पुसलेली फाइल संगणकाच्या कचरापेटीत जाऊन बसते आणि वाटेल तेव्हा परत आणता येते, हे मला ठाऊक होते. खरे सांगतो, ती पेटी रिकामी करताना माझा हात थबकला. क्षमा करूनही पुरावा जपून ठेवण्याची ओढ किती चिवट असते! मीखा संदेष्टा म्हणतो की, देव आपली पापे समुद्राच्या तळाशी टाकतो. तेथून ती तो पुन्हा वर काढीत नाही. मी पेटी रिकामी केली आणि दादांना फोन लावला.

सारे एका फोनने मिटले असे मी म्हणणार नाही. दादा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी आईच्या औषधांविषयी एक गोष्ट सांगितली, जी माझ्या हिशेबात कोठेच नव्हती. घराचा प्रश्न अजून सुटावयाचा आहे. परंतु आता आम्ही बोलतो.

प्रिय वाचका, आज संध्याकाळी तुझ्या पडद्यावरील चित्र बदलण्यापूर्वी क्षणभर थांब. प्रभूच्या मुखावर तुझी कोणती फाइल आली आहे ते पाहा. ती कोणाच्या नावाची आहे? चित्र उद्याही बदलता येईल. ज्याच्या नावाची ती फाइल आहे, तो उद्या असेलच असे नाही.

अंतःकरणे पारखणारा प्रभू आपणा सर्वांस मुळापर्यंत खणण्याचे धैर्य देवो आणि मोकळ्या झालेल्या भूमीत स्वतःचा वेल लावो. आमेन.