मस्तकावरचा हात



दत्तभक्तहो, जयंतीच्या सप्ताहात श्रीगुरुचरित्राचं पारायण आपल्याकडे अनेक घरांत होतं. त्यातला आठवा अध्याय आपण शनिप्रदोषाच्या माहात्म्यासाठी वाचतो. आज त्याच्या सुरुवातीपाशी जरा थांबू.

एक वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण आणि त्याची पत्नी अंबिका. आधीची मुलं गेली, एकच वाचला, आणि तो मंदबुद्धीचा निघाला. मुंज झाली तरी अक्षर डोक्यात शिरेना. बाप विद्वान, त्याला ते सोसेना. शिकवी आणि मारी, पुन्हा शिकवी, पुन्हा मारी. शेवटी अंबिका आडवी आली. याला पुन्हा मारलंत तर मी प्राण देईन, असं तिनं बजावलं. बापाचा हात थांबला.

हा बाप दुष्ट नव्हता. मुलाचं भलंच पाहत होता. आपणही भल्यासाठीच मारतो ना? पण त्या मारानं विद्या काही आली नाही. पुढं वडील वारले आणि गाव त्या पोराला हसू लागलं. एवढ्या विद्वानाचा मुलगा आणि हा असा! हाताचा मार थांबला, जिभेचा सुरू झाला. तो ऐकून ऐकून मुलगा जीव द्यायला निघाला, आणि त्याच्यामागून आईही.

कृष्णेकाठी श्रीपाद श्रीवल्लभांनी त्यांना अडवलं. महाराजांनी त्याला पाठ म्हणून दाखव असं म्हटलं नाही. मस्तकावर हात ठेवला. मुलगा ज्ञानी झाला. तो चमत्कार गुरूंचा, आपल्या हातून व्हायचा नाही. पण लेकराच्या अंगावर हात कसा पडावा, एवढं तरी त्यातून घेता येईल की नाही?

घाबरलेलं पोर पाढे म्हणतं तेव्हा त्याचं लक्ष पाढ्यांवर नसतं, तुमच्या हातावर असतं. भीती रोजचीच झाली की झोप बिघडते, ध्यानात राहत नाही, पोर एक तर घुमं होतं नाही तर दुसऱ्याला मारू लागतं. आणि हे बालपणाबरोबर संपत नाही. आपल्या चिपळूणकरांना हे सांगायला नको. २२ जुलै २०२१ चा पूर ओसरला, चिखल उपसला, रंग दिला, तरी भिंतीतली ओल किती दिवस बाहेर येत राहिली! १९९८ साली अमेरिकेत नऊ हजारांहून अधिक मोठ्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लहानपणी घरात जितक्या अधिक प्रकारांनी छळ सोसलेला, तितकं पुढं व्यसन, नैराश्य, हृदयविकार यांचं प्रमाण जास्त आढळलं.

कोणी म्हणेल, आम्ही मार खाऊनच मोठे झालो. झालात खरे. पण वडिलांच्या चपलांचा आवाज आला की पोटात गोळा यायचा, हे सत्तरीतही आठवतंच ना? २००७ साली केंद्र सरकारनं तेरा राज्यांत पाहणी केली, त्यात आपला महाराष्ट्रही होता. दर तीन मुलांत दोघांनी मार खाल्लेला निघाला. घरात मार खाल्लेल्यांपैकी बहुतेकांना आईबापांनीच मारलं होतं.

आणखी एक गोष्ट. देवळाच्या अंकात लिहायला जड जाते, पण लिहायलाच हवी. लेकराच्या अंगाला वाईट हेतूनं हात लावणारा पुष्कळदा ओळखीचाच असतो. पोर सांगू पाहतं आणि आपण ‘गप्प बस, घराण्याचं नाव जाईल’ म्हणतो. तसं नका करू. आधी त्याचं ऐका, त्याच्यावर विश्वास ठेवा. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं असं काही कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ या नंबरावर मुलांसाठी दिवसरात्र मदत मिळते, फोनला पैसे पडत नाहीत.

हे सगळं मी आजीआजोबांना मुद्दाम सांगतो आहे. लेक-सून मुंबईला, नातवंडं आपल्यापाशी, अशी घरं आपल्याकडे थोडी नाहीत. आणि लेक-सून घरात असली, तरी तापलेल्या बापाला ‘पुरे आता’ म्हणायचा अधिकार आजही वडीलधाऱ्यांचाच. अंबिकेला तर तेवढाही नव्हता, तरी ती बोलली.

तीच अंबिका पुढल्या जन्मी कारंज्याला अंबा म्हणून जन्मली. ग्रंथ हे प्रदोषपूजेचं फळ सांगतो, ते खरंच. पण मारणारा हात जिनं अडवला, तिच्याच पोटी गुरू आले, हेही माझ्या मनातून जात नाही. तो मुलगा, नरहरी, ॐकाराखेरीज काही बोलेना. लोक नाही नाही ते बोलले. आईबापांनी सारे उपाय केले, कुलदैवताला विनवलं, आणि वाट पाहिली. मुंजीच्या दिवशी आईनं पहिली भिक्षा घातली आणि मुलाच्या तोंडून ऋग्वेद बाहेर पडला.