तिसरी प्लेट

गेल्या वर्षी मी एक शाफ्ट बिघडवला. चार शतांश मिलिमीटरनं. आपला रोजचा लिहायचा कागद साधारण दहा शतांश जाड असतो, म्हणजे त्याच्या निम्म्याहूनही कमी. चूक एवढीच. पण त्या चुकीनंतरचा अर्धा तास काही डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहितोय.

मी दिवसा सॉफ्टवेअर लिहितो. घराच्या तळमजल्यावर, जिथे पूर्वी बाबांची स्कूटर असायची, तिथे राजकोटची एक जुनी लेथ आहे आणि शेजारी छोटं मिलिंग मशीन. लेथ भोसरीतल्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून जवळपास भंगाराच्या भावात मिळाली. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी मी लेथला हातही लावला नव्हता. वर्कशॉपचा जॉब तेव्हा बाहेरून पैसे देऊन करून आणला होता. वर्गातल्या बऱ्याच जणांनी तेच केलं होतं. त्यामुळे सत्ताविसाव्या वर्षी मशीन घेताना मनात थोडी प्रायश्चित्ताची भावनाही होती. स्क्रीनवरचं काम पोकळ, लोखंडाचं काम खरं. लोखंडाला थापा मारता येत नाहीत. त्याच्याशी झटणारा माणूस आपोआप सरळ होतो, असं मला मनापासून वाटायचं.

तो शाफ्ट मामांच्या कडबाकुट्टीचा होता. मिरजेजवळच्या गावात त्यांच्या दोन म्हशी आहेत. जुना शाफ्ट झिजला होता, नवा मी करून देतो म्हणालो. इएन-८चा बार आणला. एका रविवारी एक बाजू टर्न केली, दुसऱ्या रविवारी मिलिंगवर पुलीसाठी आठ मिलिमीटरचा की-वे काढला. तिसऱ्या रविवारी राहिली होती फक्त बेअरिंगची शेवटची जागा.

बेअरिंग ६२०५, आतलं भोक २५ मिलिमीटर. शाफ्ट तिथे भोकापेक्षा किंचित जाड हवा, २५.००२ ते २५.०१५च्या दरम्यान, म्हणजे बेअरिंग दाबून बसतं आणि शाफ्टवर सरकत नाही. मायक्रोमीटर २५.०६ दाखवत होता. पाच शतांश काढायचे, म्हणून डायल पाच शतांश फिरवला. माझ्या लेथचा डायल त्रिज्या मोजतो. टूल पाच शतांश आत गेलं की व्यास दहा शतांशांनी घटतो. हे मला पहिल्या महिन्यापासून माहीत आहे. पण ऑफिसचा फोन येऊन गेला होता आणि डोकं तिकडे होतं. कट संपला, पुसून मोजलं. २४.९६.

कोडमध्ये अशी चूक एका कमांडनं मागे घेता येते. इथे खाली ट्रेमध्ये बारीक चकचकीत चिप्स पडल्या होत्या.

टर्नर लोकांकडे यावर जुना उपाय आहे. डॉट पंच घ्यायचा आणि त्या जागेवर हातोडीनं दाटीवाटीनं ठिपके मारायचे. प्रत्येक खड्ड्याभोवती धातू थोडा वर उठतो, शाफ्ट जाड ‘होतो’ आणि बेअरिंग ठोकून घट्ट बसतं. खरं तर ते फक्त त्या बारीक उंचवट्यांवर टेकलेलं असतं. लोड येईल तसे ते चेपले जातात आणि बेअरिंग शाफ्टवर फिरू लागतं. पण बसवल्यावर खालचे ठिपके दिसत नाहीत. मी ठिपके मारले. बेअरिंग बसलं. हलवून पाहिलं, घट्ट. ‘झालं’ म्हटलं आणि दिवा मालवून वर आलो.

लोखंडानं माझ्याशी खोटेपणा केला नव्हता. २४.९६ म्हणजे २४.९६. हेन्री मॉडस्लेनं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या आपल्या कारखान्यात एक मायक्रोमीटर केला होता. त्याला ‘लॉर्ड चॅन्सेलर’ म्हणत, कारण मापाच्या वादात त्याचा निकाल शेवटचा. पण हे न्यायालय फक्त मापाचा निकाल देतं. निकाल ऐकल्यावर माणूस काय करतो, हे त्याच्या अखत्यारीत येत नाही. पंचचा उपाय मी शोधलेला नाही, तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. हातानं काम करणारे आपोआप प्रामाणिक झाले असते, तर तो टिकलाच नसता.

मॉडस्लेकडे काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थनं १८४०मध्ये अचूक सपाट पृष्ठभाग करण्याची पद्धत मांडली. सपाट प्लेट तपासायला आधीच एक सपाट प्लेट लागते. मग पहिली कुठून आणायची? दोन प्लेट एकमेकींवर घासून आणि खरवडून जुळवल्या, तर त्या अगदी चपखल जुळतात. पण एक किंचित फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट असू शकते. जुळणी उत्तम आणि दोघीही चूक. म्हणून तिसरी प्लेट घ्यायची आणि आलटून पालटून प्रत्येक जोडी तपासायची. तिन्ही जोड्या जुळल्या, तरच तिन्ही सपाट.

त्या रात्री माझ्याकडे दोनच प्लेट होत्या: मी आणि माझं समाधान. दोन्ही छान जुळत होत्या.

दुसऱ्या दिवशी मामांना फोन केला. ते हसले. “अरे चालतंय की, आमच्याकडं सगळे तसंच ठोकत्यात.” मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचाच संशय आला. मामांना भाचा दुखवायचा नव्हता. कुट्टीत वैरण मामी घालतात. मामांना म्हटलं, फोन मामींना द्या.

मामींनी एकच विचारलं, “त्यानं काय हुईल?” उत्तर साध्या शब्दांत द्यावं लागलं: कदाचित वर्षभर काही होणार नाही, मग बेअरिंग सैल होईल, शाफ्ट हलेल, पात्यांचं अंतर बिघडेल. बोलता बोलता मला त्यांचा हात तोंडाशी वैरण रेटताना दिसला. ठिपके मारताना तो दिसला नव्हता.

“मग नको बाबा,” त्या म्हणाल्या. “दुसरा कर. तवर विळ्यानं तोडते.”

दुसरा शाफ्ट व्हायला आणखी तीन रविवार गेले. ते तीन आठवडे मामींनी दोन म्हशींची वैरण हातानं तोडली. आपण खरं बोललो, याचं कौतुक करून घ्यावंसं वाटलं की मला हे आठवतं. माझ्या खरं बोलण्याचं बिल त्यांनी भरलं होतं. शिवाय बेअरिंग बाजारात मिळणाऱ्या लिक्विडनं चिकटवता आलं असतं, चार शतांशांना ते पुरतं. पण ते का लावलं, हेही आधी सांगावं लागलं असतं. उपाय बरा की वाईट, हा प्रश्न त्यानंतरचा.

ऑफिसात माझा कोड दुसरा कुणीतरी तपासतो. पूर्वी मला तो उपचार वाटायचा. अजूनही बऱ्याचदा तो उपचारच असतो. मी तपासतो तेव्हाही.

जुना शाफ्ट भंगारात दिला नाही, लेथच्या वरच्या फळीवर आहे. मित्र येतात, हातात घेतात, विचारतात, हे ठिपके कसले? बहुतेक वेळा मी सांगतो. कधी कधी म्हणतो, डिझाइन आहे.