जामीन

भोर तालुक्यातल्या कामथडीसारख्या गावात ‘जामीन’ म्हणजे आधी माणूस, मग कोर्टाचा हुकूम. कुणी आत गेला की सातबारा घेऊन कोण उभा राहणार, हे पाहिले जाते. मूळ अरबी शब्दाचा अर्थही हमी घेणारा असाच आहे.

आम्ही मुसलमान मात्र एका जामिनाची आठवण वेगळ्याच कामासाठी काढतो. जुलै १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाखाली अटक झाली. हायकोर्टाने जामीन नाकारला. त्या खंडपीठावर न्या. रानडे होते. ऑगस्टमध्ये न्या. बद्रुद्दीन तय्यबजींपुढे पुन्हा अर्ज आला आणि त्यांनी तो मंजूर केला. ईद-मिलनाच्या व्यासपीठावरून, शांतता कमिटीच्या बैठकीत हा दाखला आम्ही हमखास देतो. जणू तय्यबजी आमच्या निष्ठेला जामीन राहिले आहेत!

हा माणूस असा कुणाच्या शिफारशीसाठी जगला नाही. १८६७ साली बॅरिस्टर झाला, १८८७ च्या मद्रास काँग्रेसचा अध्यक्ष झाला. सर सय्यद यांचा विरोध पत्करला. पण मुसलमान प्रतिनिधींचा एकमुखी विरोध असलेला विषय काँग्रेसने घेऊ नये, हेही काँग्रेसला ठणकावले. १८९३ च्या दंगलीनंतरचे टिळकांचे राजकारण मुसलमानांना दुखावणारे होते. न्यायासनापुढे तो प्रश्नच नव्हता. बचावाची तयारी करायला आरोपी मोकळा हवा. महिनाभर कोंडून मग निर्दोष ठरला तर काय, एवढाच प्रश्न होता. त्यात टिळकांवर मेहेरबानी कसली? मेहेरबानी म्हणणे हा तय्यबजींचाच अपमान आहे.

त्या अर्जावर टिळकांची बाजू मांडणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. १९०८ साली टिळक पुन्हा पकडले गेले, तेव्हा न्यायासनावर हेच दावर होते. बॅ. जिनांनी जामीन मागितला, न्यायमूर्तींनी नाकारला, पुढे सहा वर्षांची शिक्षाही दिली. या निकालाचा जाब पारशी समाजाला कुणी विचारला नाही, विचारूही नये. मग तय्यबजींचा निकाल आम्ही खिशात घालून का हिंडावे?

टिळकांना जामीन राहायला मुंबईत सधन माणसे मिळाली. जामिनाचा हुकूम होऊनही, सातबारावाला कुणी न भेटल्याने कोठडीत राहणारे आजही आहेत. त्यात आमचे आहेत, इतरांचेही. आमच्या सभांत त्यांचा विषय क्वचितच निघतो.