अभिमान, अहंकार आणि अब्रू



जून महिना आला की मोबाइलवर मोठमोठ्या कंपन्यांची चिन्हे इंद्रधनुषी होतात आणि घरातली मुले विचारतात, 'हे कशासाठी?' बहुतेक घरांत या प्रश्नावर कुणी रागावते, नाहीतर विषय बदलते. त्यातून मूल एवढेच शिकते की, असे प्रश्न घरात विचारायचे नसतात. सूरह हुजुरातमध्ये बातमीची शहानिशा करूनच पाऊल उचलण्याची आज्ञा आहे. म्हणून मत देण्याआधी हकीकत पाहू.

१९६९ साली अमेरिकेत इलिनॉय वगळता प्रत्येक राज्यात समलिंगी संबंध हा गुन्हा होता. १९५३ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशाने अशा लोकांना केंद्र सरकारच्या नोकरीची दारे बंद झाली होती. पोलिसांच्या धाडीत सापडलेल्याचे नाव छापून आले, तर त्याची नोकरी आणि घर दोन्ही जात. २८ जून १९६९ च्या पहाटे न्यूयॉर्कमधील स्टोनवॉल इन या मद्यालयावर धाड पडली, तेव्हा तिथल्या लोकांनी प्रथेप्रमाणे मान खाली घातली नाही. प्रतिकार झाला आणि काही रात्री तो चालू राहिला. पुढच्या वर्षी त्याच तारखेला हजारो लोक ग्रीनिच व्हिलेजहून सेंट्रल पार्कपर्यंत चालत गेले. आजच्या प्राइड मिरवणुकांची सुरुवात ही अशी झाली. १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी जून महिना त्यासाठी घोषित केला. २०१६ मध्ये स्टोनवॉलचा परिसर राष्ट्रीय स्मारक झाला. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलीस आयुक्तांनी त्या रात्रीच्या कारवाईबद्दल जाहीर माफी मागितली. आपल्या मुंबईतही २००८ पासून अशी मिरवणूक निघते.

आता शरीअतची भूमिका. शारीरिक संबंधाची जागा स्त्री-पुरुषाच्या निकाहातच आहे, हा कुरआनचा स्पष्ट आदेश आहे. प्रेषित लूत (अ.) यांच्या लोकांचा वृत्तांत आपण सर्व जण जाणतो. काळ बदलला म्हणून ही मर्यादा बदलत नाही आणि ज्या कृतीला अल्लाहने मनाई केली, तिचा उत्सव ईमानवंताला आपला म्हणता येत नाही. मनातला कल हा मात्र कृतीहून वेगळा आहे. माणसाच्या ताब्यात नसलेल्या भावनेचा जाब त्याला विचारला जात नाही, असे आपले उलमा सांगत आले आहेत.

इथे 'प्राइड' या शब्दापाशी थोडे थांबू. मराठीत त्यासाठी गर्व, अभिमान, स्वाभिमान असे निरनिराळे शब्द आहेत. त्या मिरवणुकीत हा शब्द अपमानाला उत्तर म्हणून आला. म्हणजे तो गर्वापेक्षा स्वाभिमानाच्या अधिक जवळचा आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अहंकाराचा निषेध केला, तेव्हा कुणीतरी विचारले की, चांगले कपडे, चांगले जोडे आवडणे हाही अहंकार का? प्रेषितांनी नकार दिला आणि अहंकाराची दोन लक्षणे सांगितली : सत्य नाकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे. यातले पहिले लक्षण आपल्याला दुसऱ्यांत चटकन दिसते. दुसरे आपल्यात आहे का, हे आपण किती वेळा पाहतो? ज्याच्या पापाची आपल्याला खात्री आहे, त्याला हिणवताना आपण धर्माचे रक्षण करत नसतो. अहंकाराचा दुसरा अर्धा भाग पुरा करत असतो. मद्यपानासाठी पुन्हा पुन्हा शिक्षा झालेल्या एका सहाबींना कुणी शाप दिला, तेव्हा प्रेषितांनी त्याला रोखले आणि त्या माणसाच्या मनात अल्लाह व प्रेषितांविषयी प्रेम असल्याची ग्वाही दिली. मद्य त्यामुळे हलाल झाले नाही; माणूसही त्याज्य ठरला नाही.

'मान्यता' या शब्दालाही असेच दोन अर्थ आहेत. एक म्हणजे हा माणूस आहे, त्यालाही जीव, घर, रोजगार आणि अब्रू आहे, याची दखल. दुसरा म्हणजे त्याच्या आचरणाला संमती. दुसरी मान्यता आपण देऊ शकत नाही. पहिली नाकारण्याचा अधिकार मात्र आपल्याला नाही, कारण आदमच्या संततीला प्रतिष्ठा अल्लाहने दिली आहे. नाव ऐकताच भाड्याचे घर नाकारले जाणे म्हणजे काय, हे आपल्यातल्या अनेकांनी अनुभवले आहे. घरमालकाने आपला धर्म स्वीकारावा, असे आपण म्हणत नाही. आपल्याला माणूस म्हणून वागवावे, एवढेच मागतो. जे माप आपण स्वतःसाठी मागतो, तेच दुसऱ्यासाठी वापरणे हा न्याय आहे. एखाद्या गटाविषयीच्या रोषापोटीही न्याय सोडू नका, असे सूरह माइदामध्ये बजावले आहे.

हा प्रश्न रस्त्यावरच्या मिरवणुकीपुरता नाही. तो कधी आपल्याच घरात येऊ शकतो. उद्या आपल्या मुलाने किंवा मुलीने धीर करून असे काही सांगितले, तर मारहाण, घराबाहेर काढणे, नातेवाइकांत चर्चा, यांतले काहीही शरीअतने आपल्याला शिकवलेले नाही. कुणाचे दोष हुडकणे आणि पाठीमागे बोलणे हराम आहे. झाकणे हे पुण्य आहे. 'लग्न लावून द्या, सगळे ठीक होईल' हा सल्ला तर दुहेरी अन्याय आहे. निकाहाला दोघांची खुशी लागते. सत्य लपवून दुसऱ्याच्या लेकीचे आयुष्य पणाला लावणे ही फसवणूक आहे आणि तिचा जाब आई-वडिलांनाही द्यावा लागेल.

मुलाला हुकूम सांगा, तो लपवू नका. पण त्याच आवाजात हेही सांगा की, 'तू आमचाच आहेस आणि हे दार तुझ्यासाठी उघडे आहे.' ज्या घराचे दार बंद होते, त्या घरातून नसीहतही बाहेर पोहोचत नाही.

अल्लाह आपल्याला सत्यावर स्थिर राहण्याचे बळ देवो आणि त्याच्या कोणत्याही बंद्याला तुच्छ लेखण्यापासून आपले रक्षण करो. आमीन.