मते असू द्या, पंगत मोडू नका

दिवाळीच्या दिवसांत मूर्तिजापुरातल्या एखाद्या ख्रिस्ती घरी शेजारून फराळाचे ताट येते. चकल्या, करंज्या, अनारसे, शंकरपाळे आणि वर विणलेला रुमाल. ताट ओट्यावर ठेवून शेजारीण निघून जाते आणि घरात दोन तट पडतात. उपास-प्रार्थनेच्या शिबिराहून नुकताच परतलेला मुलगा म्हणतो, हे लक्ष्मीपूजनाच्या नैवेद्यातले आहे, आपण खायचे नाही. आजी म्हणते, "घरी आलेलं अन्न कोनी वापस धाडते काय? आननारीचं मन पाय ना, बापू!" सून करंज्या लेकरांच्या हातावर ठेवते, स्वतः मात्र शिवत नाही. येत्या रविवारी हे तिघेही एकाच चर्चमध्ये उपासनेला बसणार आहेत आणि तिघांनाही आपले वागणे प्रभूला आवडेल असेच आहे, असे मनापासून वाटते.

अशा प्रश्नांची मराठी मंडळ्यांत कधीच वाण पडलेली नाही. विवाहित ख्रिस्ती बाईने मंगळसूत्र घालावे का? कुंकू लावावे का? बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा की जाणत्या वयात, पाणी शिंपडून की बुडवून? उपासनेत टाळ-मृदंग चालेल, मग टाळ्या आणि ड्रमसेट का नको? सिनेमा पाहावा का? लग्नात एक घोट घेतला तर काय बिघडले? शब्बाथ शनिवारी की रविवारी? आजारात आधी डॉक्टर की आधी प्रार्थना? प्रत्येक प्रश्नाला दोन्ही बाजूंनी वचने काढून दाखवणारे विश्वासणारे आहेत आणि दोन्हीकडचे लोक प्रामाणिक आहेत. खरी अडचण तीच आहे. एक बाजू ढोंगी असती तर निकाल सोपा होता.

पौलाने सन ५७च्या सुमारास रोमच्या मंडळीला पत्र लिहिले, तेव्हा तिथेही हेच चालले होते. सन ४९मध्ये सम्राट क्लौद्याने यहूद्यांना रोममधून घालवले. त्यांत यहूदी ख्रिस्तीही गेले. मागे उरलेल्या विदेशी ख्रिस्ती लोकांनी मंडळी आपल्या पद्धतीने चालवली. ५४मध्ये क्लौद्य मेल्यावर यहूदी परत येऊ लागले, तर मंडळीचा चेहराच बदललेला! कोणी मांस वर्ज्य करून भाजीपाला खाणारे, कोणी सगळे खाणारे; कोणी ठराविक दिवस पाळणारे, कोणी सगळे दिवस सारखे मानणारे. पौल स्वतः कोणत्या बाजूचा होता हे त्याने लपवलेले नाही. कोणतेही अन्न मुळात अशुद्ध नाही, असे त्याचे स्पष्ट मत होते. तरी त्याने ते मत मंडळीचा नियम केले नाही. प्रत्येकाची आपल्या मनात पुरती खात्री असावी एवढीच त्याची मागणी होती.

त्याच्या चौदाव्या अध्यायातला बारकावा आपण नेहमी उपदेशात घाईने ओलांडतो. दोन्ही बाजूंना त्याने एकच सूचना दिलेली नाही. खाणाऱ्याला तो सांगतो, न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नको. न खाणाऱ्याला सांगतो, खाणाऱ्याचा न्याय करू नको. दोघांचे दुखणे वेगळे, म्हणून औषधही वेगळे. मोकळ्या मताच्या माणसाला तुच्छतेचा रोग जडतो: "बिचारे अजून नियमांतच अडकलेत." कडक मताच्या माणसाला न्यायाधीशाचा: "त्याचं तारण तरी झालंय की नाही, कोण जाणे!" पहिला हसतो, दुसरा दोषी ठरवतो. मंडळीत भांडण पेटते ते मूळ मतापेक्षा या हसण्याने आणि या शंकेने.

वऱ्हाडी माणसाला हे समजायला रोमपर्यंत जाण्याची गरज नाही. एकाच वाड्यात माळकरी सासरा आणि मटणाचा शौकीन जावई आपल्याकडे किती घरांत नांदतात! बुधवारी-रविवारी रस्सा शिजतो तो मागच्या अंगणातल्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात. सासरा जावयाला पापी म्हणत नाही आणि जावई सासऱ्याच्या माळेची थट्टा करत नाही. मात्र पोळ्याला सगळे पुरणपोळीला एकत्रच बसतात. ही रीत कोणी लिहून काढलेली नाही, तरी ती मोडली की घर मोडते हे सगळ्यांना माहीत असते.

मराठी ख्रिस्ती इतिहासात या विषयावरचे सर्वांत बोलके प्रकरण इंग्लंडात घडले. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे झाला. त्यानंतरच्या त्यांच्या आणि वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्या पत्रव्यवहारात धर्मसिद्धान्तांइतकीच जागा स्वयंपाकघराने घेतली आहे. रमाबाई शाकाहारी होत्या. अंडे घातलेले पुडिंगही त्या खात नसत. सिस्टरबाईंना त्यात जातीचा जुना अभिमान शिल्लक असल्याचा वास आला. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाईंना ती संस्कृतात हवी होती. लॅटिन पवित्र आणि संस्कृत परकी, हे कोणी ठरवले, असा त्यांचा सवाल होता. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडात मान द्यायला त्या तयार नव्हत्या. चर्चने सांगितले म्हणून एखादा सिद्धान्त मानणे त्यांना जमत नव्हते. शास्त्र स्वतः वाचून पटले तेवढेच त्या स्वीकारत. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांनी त्यांच्याशी वाद घातला, पण त्यांच्या विचार करण्याच्या हक्काला हात लावला नाही.

सिस्टर जेराल्डीन यांची शंका अगदीच निराधार होती का? ब्राह्मण घरातली बाई अंडे खात नाही म्हटल्यावर ही श्रद्धा की सोवळे, हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. उत्तर मात्र ताटात शोधून सापडणारे नव्हते, ते आयुष्यात शोधायला हवे होते. याच रमाबाईंनी १८८०मध्ये बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्मणेतर वकिलाशी लग्न करून जातीचे कुंपण तोडले होते. त्यांनी जात सोडली होती, आहार सोडला नव्हता. पुढे १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले, तेव्हा तिथे राहणाऱ्या हिंदू विधवांना आपापले आचार पाळण्याची मुभा त्यांनी दिली. स्वतःवर झालेली सक्ती त्या विसरल्या नव्हत्या आणि तिचा सूड त्यांनी दुसऱ्यांवर उगवला नाही.

रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या घरातली कसोटी याहून अवघड होती. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईला झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा ख्रिस्ती नव्हत्या आणि व्हायची इच्छाही नव्हती. काही काळ ताटातूट झाली, मग पुन्हा एकत्र राहणे सुरू झाले, तरी लक्ष्मीबाईंचे सोवळे आणि वेगळे पाणी चालूच राहिले. टिळकांनी आपली पंगत बदलली नाही आणि पत्नीला त्या पंगतीत ओढून बसवलेही नाही. लक्ष्मीबाईंच्या मनातून विटाळ गेला तो त्यांच्या स्वतःच्या विचाराने, हे त्यांचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला ठाऊक आहे. १९००मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तापट म्हणून प्रसिद्ध असलेल्या माणसाने दाखवलेला हा धीर मंडळीच्या पंचांनी अभ्यासावा असा आहे. याच टिळकांनी १९१७मध्ये अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' स्थापला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना सारखेच आवतण होते. अनेकांना ते रुचले नाही. त्यांची भजने मात्र सगळेच गात राहिले.

आता या सगळ्याला एक कुंपण घातले पाहिजे. नाही तर 'ज्याचे त्याचे मत' या सबबीखाली काहीही खपवले जाईल. शाकाहाऱ्यांना सांभाळून घ्या म्हणणारा हाच पौल अंत्युखियात पेत्रावर सर्वांदेखत कडाडला होता. पेत्र आधी विदेशी ख्रिस्ती लोकांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून कडक मताची माणसे आल्यावर तो पंगतीतून उठून वेगळा बसू लागला. रोममध्ये सोशिक असलेला पौल इथे का चिडला? अन्न तेच होते. फरक इतकाच, की रोमच्या शाकाहाऱ्याचा नियम त्याच्या स्वतःच्या जिभेवर बंधन घालत होता, तर पेत्राच्या वागण्याने समोरचा माणूस खालच्या दर्जाचा ठरत होता. आपल्याला हवी असलेली कसोटी हीच. जे मत मला बांधते ते माझे मत. जे दुसऱ्याला खाली बसवते ते मत नव्हे, तो अन्याय आहे.

महाराष्ट्रात ही कसोटी सगळ्यांत आधी जातीला लावावी लागते. इथली बहुसंख्य प्रोटेस्टंट कुटुंबे दलित समाजांतून आलेली आहेत आणि तरीही लग्नाची बोलणी निघाली की पूर्वीचे कोण, ही चौकशी दबक्या आवाजात होतेच. याला कोणी 'आमच्या घरचे मत' म्हणू लागले तर मंडळीने ते ऐकून घेऊ नये. बाईने बोलू नये, गरिबाने मागे बसावे, नव्याने आलेल्याने गप्प राहावे, हेही त्याच माळेतले मणी. मंगळसूत्राच्या प्रश्नाला जी सवलत द्यायची ती या प्रश्नांना देता येणार नाही.

प्रामाणिक मतभेदाला मात्र नियमांतही जागा देता येते, हे आपल्या विदर्भातच सिद्ध झाले आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आले. वाटाघाटी १९२९पासून चालू होत्या. सर्वांत चिवट गाठ बाप्तिस्म्याची होती. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल आणि मेथडिस्ट तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देणारे. बॅप्टिस्ट, ब्रेदरन आणि डिसायपल्स जाणत्या विश्वासणाऱ्यालाच देणारे. शेवटी दोन्ही पद्धती बरोबरीच्या मानल्या गेल्या. एखाद्या पाळकाच्या विवेकाला बाळाचा बाप्तिस्मा पटत नसेल तर त्याच्यावर तो देण्याची सक्ती नाही. पण पालकांची अडवणूक होऊ नये म्हणून दुसऱ्या पाळकाकडून तो होईल अशी सोय. पाळकाची टोचणीही सांभाळली आणि आईबापांचा हक्कही. यात कोणी कोणाचे मत बदलले नाही. मते बदलल्याशिवाय एका मेजाशी कसे बसायचे, तेवढे ठरवले.

या एकीला तडेही गेले. अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी ऐन वेळी बाहेर राहिली. गुजरातेतल्या ब्रेदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि २०१३मध्ये तिथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची बाजू टिकली नाही. वरून ठराव झाला म्हणून खालच्या माणसाची खात्री पटत नसते, हा त्यातला धडा. माणसांना आणायचे तर त्यांच्या खात्रीसकट आणावे लागते.

आमच्या वऱ्हाडातल्या पुष्कळ मंडळ्यांचे मूळ ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्समध्ये आहे. अकोला हे तिचे मोठे केंद्र. त्याच रेल्वेमार्गावरच्या मूर्तिजापुरासारख्या गावांतून हे काम पसरले. तिचे संस्थापक ए. बी. सिम्प्सन न्यूयॉर्कमध्ये प्रेस्बिटेरियन पाळक होते. प्रार्थनेने आजार बरा होतो, हा त्यांचा स्वतःच्या दुखण्यातून आलेला अनुभव. ते त्यांनी आयुष्यभर शिकवले, पण ज्याचा तसा विश्वास नाही त्याने डॉक्टर सोडावा असा नियम केला नाही. बाप्तिस्म्याची रीत, मंडळीच्या कारभाराची पद्धत, असे प्रश्न सुरुवातीच्या काळात त्यांनी ज्याच्या त्याच्यावर सोपवले. १९०७च्या सुमारास अन्य भाषांत बोलण्यावरून वादळ उठले. बरीच माणसे बाहेर पडली आणि त्यांतली काही पुढे १९१४मध्ये स्थापन झालेल्या असेम्ब्लीज ऑफ गॉडला मिळाली. तरी जी राहिली त्यांनी या देणग्या सर्वांसाठी आवश्यक मानल्या नाहीत आणि त्यांना मनाईही केली नाही. म्हणजे अलायन्सच्या मंडळीत बसून 'आमच्याकडे एकच पद्धत' म्हणणाऱ्याला त्याच्याच घराण्याचा इतिहास आडवा येतो.

मग मंडळीने नेमके करायचे काय? पाळकांनी पहिली गोष्ट करावी: स्वतःचे मत व्यासपीठावरून सांगायचे असेल तर ते आपले मत म्हणून सांगावे, वचनाचा शिक्का मारून नव्हे. तारणाचा विषय आणि करंजीचा विषय एकाच आवाजात सांगितला की ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटू लागतात. मोकळ्या मताच्या माणसांनी एक पथ्य पाळावे: नव्यानेच दारू सोडलेला भाऊ पंगतीला असेल तर आपल्या स्वातंत्र्याचे प्रदर्शन मांडू नये. हक्क असूनही तो न वापरणे, हेही स्वातंत्र्यच आहे. कडक मताच्या माणसांनी दुसऱ्याच्या ताटात, कपाळाकडे आणि गळ्याकडे पाहणे सोडावे. त्यांना खरेच काही खटकत असेल तर ते त्या माणसाला घरी जाऊन सांगावे. कॉटेज प्रेअर मीटिंगमध्ये 'एका बहिणीसाठी प्रार्थना करू या' म्हणून नाव न घेता तिची लक्तरे काढू नयेत. ही चाल कोणाला कळत नाही असे समजण्याचे कारण नाही.

आणि तरुणांना एक विनंती. खात्री असणे चांगले. पण ती आपली असावी, शिबिरातून उसनी आणलेली नसावी. ज्या आजीने दुष्काळात, गरिबीत, गावाच्या टोमण्यांत ख्रिस्त सोडला नाही तिला फराळाच्या ताटावरून विश्वास शिकवण्याआधी तिचा विश्वास तिच्याच तोंडून ऐकून घ्यावा.

नाताळ संपला की बहुतेक मंडळ्यांची वार्षिक सभा येते. यंदा पंचांनी विषयपत्रिकेवर एक कलम घालावे आणि ते मंजूर करून घ्यावे: आहार, पेहराव, दागिने, सण आणि गाण्याची पद्धत यांवरून कोणाचेही सभासदत्व, प्रभुभोजन, मंडळीतले पद किंवा दफनाची जागा अडवली जाणार नाही, जातीवरून भेद करणाऱ्याला मात्र जाब विचारला जाईल. एवढे दोन वाक्यांचे कलम लिहायला पंचांना पाच मिनिटे लागतील. ते पाळायला सगळ्या मंडळीला आयुष्यभर झटावे लागेल, पण सुरुवात या सभेपासून करता येईल.